शैलाताई, तुमचा फोन माझ्याकडे आहे

शैलाताई, तुमचा फोन माझ्याकडे आहे. देवघराशेजारच्या प्लगला दिवसभर लावलेला असतो. नीता म्हणते, अहो, इतकं चार्ज केलंत तर बॅटरी फुगेल. फुगू दे. निखिलचा फोन येईल तेव्हा तो बंद असता कामा नये, हे एवढंच काम तुम्ही जाताना माझ्या गळ्यात घातलंत. तीस वर्षं विजेच्या ऑफिसात काढलेल्या माणसाच्या घरात फोन डिस्चार्ज झाला तर लोक तोंडात शेण घालतील.

तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले. तेरावा झाला. छत्रीबागेतले तुमचे शेजारी आपापल्या कामाला लागले. आणि तुमचा एकुलता एक मुलगा अजून कुठल्यातरी समुद्रात, पाणबुडीत, पाण्याखाली आहे. आई गेल्याचं सगळ्या गल्लीला माहीत आहे, त्याला नाही. तो वर येईल, किनाऱ्याला लागेल आणि पहिला फोन याच नंबरवर करेल. तो मी उचलायचा, आणि त्याला सांगायचं. हे मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. तुम्ही मात्र भांडण अर्धवट टाकून निघून गेलात.

तुमचा जन्म कुठला, शिक्षण काय, किती वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलं, हे सगळं तुमच्या पुतण्याने, दीपकने, पेपरात दिलेल्या चौकटीत आलं आहे. फोटोही बरा आहे, फक्त त्यात तुम्ही हसता आहात, आणि माझ्याकडे बघून तुम्ही फारसं कधी हसला नाहीत. मी जे लिहितो आहे ते चौकटीत मावलं नाही ते.

आपली पहिली भेट आठवते? मे महिना, दुपारचा एक. आमची ऋचा नेवीत ऑफिसर होऊन पहिल्या जहाजावर गेली होती. संस्थानी दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी केलेलं आमचं घराणं. पाण्याशी आमचा संबंध काय तो एक दिवसाआड येणाऱ्या नर्मदेच्या नळापुरता. त्यात ही पोरगी समुद्रावर! माझी छाती इतकी फुगली की मी तिचा पांढऱ्या गणवेशातला फोटो घेतला, ज्यात मागे जहाज होतं, आणि खाली लिहिलं, ‘आमच्या कुळातली पहिली दर्यावर्दी’. तेवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? जहाजाचं नाव, निघायची तारीख, कुठे जाणार, सगळं घातलं आणि सकाळी सकाळी सगळ्या ग्रुपांवर सोडून दिलं.

दुपारी तुम्ही दारात. नदीवरचा पूल ओलांडून, त्या उन्हात, छत्रीबागेतून जुन्या इंदुरात चालत आलेल्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाईल.

“हा मेसेज तुमचा?”

मला वाटलं अभिनंदन करायला आलात. म्हटलं, “हो, आमची ऋचा. बसा ना, पेढा घ्या.”

“जेवलात का?”

“हो, आत्ताच.”

“मग ठीक आहे. आता ऐका.”

आणि मग तुम्ही जे सुनावलंत! आवाज न चढवता, पहिलीतल्या पोराला सांगावं तसं. “जहाज कधी निघतं, कुठे जातं, हे तिला विश्वासाने सांगितलेलं असतं. तिने बाप म्हणून तुम्हाला सांगितलं. तुम्ही ते गावभर वाटलंत, या पेढ्यांसारखं. त्या जहाजावर तुमची एकटीच आहे का? बाकीच्यांच्या आया नाहीत?”

मी म्हटलं, “म्हणजे बापाने अभिमानसुद्धा चोरून बाळगायचा?”

“बाळगा ना, भरपूर बाळगा. घरातला फोटो पाठवा. जहाजाचा नाही.”

एवढं बोलून तुम्ही उठाल असं वाटलं होतं. तुम्ही खुर्ची पुढे ओढली आणि मला एकेकाला फोन लावायला लावला. “अरे भिया, वो सुबहवाला मेसेज हटा दे यार, और जिसको भेजा उसको भी बोल,” असं मी संध्याकाळपर्यंत म्हणत होतो. मध्ये नीताने केलेला चहा तुम्ही प्यायलात, साखर कमी आहे असंही सांगितलंत. तुमचं नाव मला शेवटचा फोन झाल्यावर कळलं.

दोन दिवसांनी ऋचाचा फोन आला. म्हणाली, “बाबा, मला बोलावून समज दिली. चूक माझी आहे. मी तुम्हाला सांगायलाच नको होतं.” तिने चार शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. पण हे वाक्य मला सोसेना. यापुढे ती मला काही सांगणार नव्हती, आणि माझीच जीभ त्याला कारण होती. पण स्वतःवर चिडायची मला सवय नाही, तुम्हाला ठाऊक आहेच. मी तुमच्यावर चिडलो. तुमचा नंबर नीताने लिहून घेतला होता. फोन लावला आणि म्हटलं, “तुम्हीच कळवलंत ना वर?”

तुम्ही म्हणालात, “नाही.” बस, एक शब्द. मी ऐकलं आणि विश्वास ठेवला नाही.

पुढे वर्षभराने ऋचा सुट्टीवर आली तेव्हा सहज बोलून गेली की तो मेसेज फिरत फिरत तिच्याही फोनवर पोचला, तेव्हा तिनेच स्वतः जाऊन आपल्या वरिष्ठांना सांगितलं होतं. नियमच तसा आहे म्हणे. ताई, मी त्या दिवशी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. माफी मागायची होती. मग कचोरी घेऊन वर आलो आणि तुम्ही विचारलंत, “आज काय विशेष?” मी म्हटलं, “काही नाही, गरम दिसली म्हणून आणली.” ती माफी अजून माझ्याकडेच आहे. आता घ्या.

त्या भांडणानंतर तुमचा रोज संध्याकाळी सातला फोन यायला लागला. मी उचलत नसे. तीन वेळा वाजायचा आणि बंद व्हायचा, पुन्हा लावायच्या नाहीत तुम्ही. नीता म्हणायची, “अहो उचला ना, काय म्हणतात बघा तरी.” मी म्हणायचो, “बाईंना शाळेतून रिटायर झाल्याचं कुणी सांगितलं नाही वाटतं.” जवळजवळ महिनाभर हे चाललं. मी तीन घंट्या ऐकायचो आणि मनातल्या मनात जिंकायचो.

मग ते अकरा दिवस आले. ऋचाचा फोन नाही, मेसेज नाही. टीव्हीवर समुद्रात वादळ उठल्याचं चालू होतं, तोच तो लाटांचा तुकडा फिरून फिरून. मी कुणाला विचारणार? आमच्या गल्लीत सांगितलं तर लोक म्हणायचे, “अरे टेंशन मत ले यार, जहाज तो बड़ा होता है.” नातेवाईक म्हणायचे, “मुलीला पाठवायचंच कशाला?” या शहरात पोहे कुठे चांगले मिळतात हे हजार माणसं सांगतील. आपलं लेकरू समुद्रावर असताना सायंकाळ कशी काढायची, हे सांगणारं कुणी नव्हतं. नीता देवासला माहेरी गेली होती. बाराव्या दिवशी सातला फोन वाजला आणि दुसऱ्या घंटीला मी उचलला.

“जेवलात का?”

ना इतके दिवस कुठे होतात, ना फोन का उचलला नाहीत. मी म्हटलं, “नाही.”

“काल?”

“काल थोडे शेव-परमल खाल्ले. कुरमुऱ्यांवर भागवलं.”

“कुकर लावता येतो ना? डाळ-तांदूळ धुवा. मी फोन धरून आहे.”

मी फोन ओट्यावर ठेवला. डाळ धुतली, तांदूळ धुतले. तीन शिट्ट्या झाल्या. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. मला पलीकडून तुमच्या पंख्याचा आवाज येत होता. वाफ जिरेपर्यंत मी ओट्याला टेकून उभा होतो, आणि बारा दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं की घरात कुणीतरी आहे. मी जेवलो. मीठ घालायचं राहिलं होतं, तरी जेवलो. मग तुम्ही म्हणालात, “आता टीव्ही बंद करा, दिलीपराव. बातमी असलीच तर ती टीव्हीवाल्यांना आधी कळत नाही.” आणि फोन ठेवलात.

पंधराव्या दिवशी ऋचाचा फोन आला. ती ठीक होती, रेंजच नव्हती. तिला हे घडलेलं काही माहीत नव्हतं, मीही सांगितलं नाही. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट घर करून राहिली, ती मला पुढे रविवारच्या बैठकीत कळली. ज्या संध्याकाळी तुम्ही फोन धरून माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजत होता, त्या दिवशी निखिल पाण्याखाली जाऊन दोन महिने होत आले होते. माझे बारा दिवस आणि तुमचे साठ. आणि विचारपूस कोण कुणाची करत होतं! ताई, मी देवादिकांपुढे हात जोडतो तो सवयीने. हे कळलं तेव्हा तुमच्याकडे बघून माझे हात आपोआप जुळायला गेले. तुम्ही त्यात पोह्यांची प्लेट दिलीत.

तुमची ती रविवारची बैठक. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि त्यात ज्यांची पोरं नेवीत आहेत असे आम्ही सात-आठ आईबाप. कुठल्या ऑफिसाने बनवलेली नाही, कुठला बोर्ड नाही. तुम्ही एकेकाला हुडकून आणलेलं. देपालपूरहून चौधरीजी आणि त्यांची बायको बसने यायचे, येताना शेतातले हिरवे हरभरे आणायचे. त्या माउलीने समुद्र कधी पाहिलेला नाही. पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, “बाई, म्हारा छोरा के वां नींद आवे के नी?” तुम्ही म्हणालात, “आवे है. आपल्यापेक्षा चांगली येते त्यांना. दमतात ना पोरं.” ती तेवढ्यावर जी सावरली ती सावरलीच.

तुमचे नियम दोनच. कुठे आहे विचारायचं नाही, कधी येणार विचारायचं नाही. ज्याचा फोन आला असेल तो आपणहून सांगेल, ज्याचा आला नसेल त्याला दुसऱ्यांदा पोहे वाढायचे. तुम्ही म्हणायच्या, “चौतीस वर्षं मी पहिलीचा वर्ग पाहिला. शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं दहा मिनिटं रडतात. फाटकाबाहेरचे आईबाप दुपारपर्यंत हलत नाहीत. मी फाटक पोरांसाठी लावत नव्हते, त्यांच्यासाठी लावायचे.” आम्ही सगळे तुमच्या फाटकाबाहेरचे.

आणि तुम्ही स्वतः? निखिलच्या नेवीतल्या समारंभाला एकदाच किनाऱ्यावर गेला होतात. आल्यावर मी विचारलं, “कसा वाटला समुद्र?” म्हणालात, “मोठा आहे. पण खारट. आपल्या काय कामाचा?” असल्या बाईबद्दल माणसाने काय लिहावं!

आता भांडणाकडे येतो. गेल्या श्रावणातली गोष्ट. बैठक उठली होती, मी प्लेटा विसळत होतो. तुम्ही वहीचा दुरेघी कागद पुढे केलात. तुमच्या त्या टप्पोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मला काही झालं तर निखिल किनाऱ्याला लागेपर्यंत त्याला कळवू नये. तो स्वतः फोन करेल. दिलीपरावांनी सांगावं.’ खाली सही.

मी हात पुसले आणि म्हटलं, “हे मला मान्य नाही. आई आहात तुम्ही. त्याचा हक्क आहे.”

“हक्क आहे, जागा नाही,” तुम्ही म्हणालात. “त्या पाणबुडीत माणसं खेटून राहतात. झोपायच्या फळ्यासुद्धा पाळीपाळीने. तिथे रडायला कोपरा कुठे आहे, दिलीपराव? आणि रडला तर त्याच्या शेजारचा काम कसं करणार?”

“आणि नंतर कळल्यावर तो मला माफ करेल?”

“नाही करणार, काही दिवस. तेवढं सोसा.”

“मीच का? चौधरीजी आहेत, दीपक आहे.”

“ते माझं ऐकतात. तुम्ही भांडता. भांडणारा विसरत नाही.”

मी कागद घेतला नाही. ओट्यावरच ठेवून निघालो आणि जिन्यात ओरडलो, “विषय संपलेला नाही!” तुम्ही वरून म्हणालात, “पुढच्या रविवारी भांडू.” पुढच्या रविवारी भांडलो, त्याच्या पुढच्याही. कागद माझ्या शर्टाच्या खिशात कधी आला, ते मला अजून कळलेलं नाही.

मग तो शुक्रवार. सकाळी भाजी निवडताना तुम्हाला कळ आली, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, आणि मी पोचेपर्यंत संपलं होतं. दुपारी दीपकने अग्नी दिला. चौधरीजी देपालपूरहून आले, बैठकीतले सगळे आले. घाटाच्या पायऱ्यांवर दीपकने फोन काढला. म्हणाला, “दादाला कळवायला हवं. मेरे पास नेवी के ऑफिस का नंबर है.”

मी म्हटलं, “थांब.”

“काका, क्या थांब? त्याची आई गेली आहे.”

मी कागद दाखवला. त्याने वाचला, डोळे पुसले आणि मग चिडला. “तुम्ही घरचे नाही हो, काका. कल को दादा पूछेगा तो मैं क्या बोलूँ?”

“माझं नाव सांग.”

“पण का?”

आणि मी, जो चार महिने तुमच्याशी याच्या उलट बाजूने भांडलो, मी त्या पायऱ्यांवर म्हणालो, “कारण तिथे त्याला रडायला कोपरा नाही.” माझा आवाज चांगलाच चढला होता. चौधरीजी येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. दीपकने फोन खिशात ठेवला आणि तुमचा फोन माझ्या हातात दिला. त्या पोराचं चुकलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्याचंच पटत होतं.

त्याच संध्याकाळी सातला पाच मिनिटं कमी असताना तुमच्या फोनचा गजर वाजला. स्क्रीनवर लिहिलेलं, ‘आईबाप’. मला तो बंद करता येईना. तेव्हा मी तुमची यादी उघडली आणि पहिला नंबर लावला. चौधरीजींची बायको “हाँ बाई” म्हणाली आणि मग तिच्या लक्षात आलं. मी विचारलं, “जीम लिया?” ती रडली, आणि म्हणाली, “नी जीम्या.” म्हटलं, “जेवा. मी धरून आहे.” तेव्हापासून रोज करतो. यादीत माझंही नाव सापडलं. ‘भांडखोर भिया’. दिवसभर हसलो आणि नीताला दाखवून पुन्हा हसलो.

त्या यादीतून फोन करता करता मला एक गोष्ट कळली. पहिल्या दिवशी, त्या भर उन्हात, तुम्ही सुनावण्याआधी विचारलं होतंत, “जेवलात का?” आमच्या आजीचीही तीच रीत. उपाशी माणसाला वाईट बातमी सांगायची नाही. आधी जेवून घे, मग सांगते. तुम्ही रोज सातला आम्हा सगळ्यांना तयार ठेवत होता. बातमी आलीच, तर आमच्यातला एकही उपाशी पोटी तिच्यासमोर उभा राहू नये. इतकी वर्षं, रोज. आणि आम्हाला वाटायचं, मास्तरीणबाईंना चौकशीची खोड आहे.

एवढं काल लिहून ठेवलं होतं. आज रविवार. बैठक तुमच्याच खोल्यांत भरली, किल्ली दीपकनेच आणून दिली. पोहे मी केले, चौधरीजी म्हणाले तिखट झाले. लोक उठत होते, साडेबारा वाजले असतील, आणि टेबलावरचा तुमचा फोन वाजला. ‘निखिल’. सगळे जिथे होते तिथे थांबले.

मी उचलला. “आई, आलो गं वर,” तो म्हणाला. मागे लोखंडाचे आवाज, कुणीतरी हसत होतं.

“निखिल, मी दिलीपकाका.”

मी सोळा दिवस मनात वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. तोंडातून आलं ते तुमचं.

“जेवलास का?”

मागचं हसणं ऐकू येईनासं झालं. तो लांब कुठेतरी चालत गेला असावा. मग अगदी लहान आवाजात म्हणाला, “नाही, काका.”

तुमच्याच हाताखाली वाढलेला मुलगा तो. त्याला कळलं होतं. आणि त्याला कळलंय हे मला कळलं होतं.

“मग जेवून घे, बाळा. मी फोन धरून आहे.”

त्याने वाद घातला नाही. पावलं वाजली, ताट घेतल्याचा आवाज आला, पाण्याचा ग्लास ठेवल्याचा आला. इकडे आम्ही आठ माणसं तुमच्या खोलीत उभी, पंखा फिरतोय, आणि तिकडे तुमचा मुलगा एकेक घास गिळतोय. किती वेळ गेला, मी पाहिलं नाही. शेवटी ताट बाजूला सरकवल्याचं ऐकू आलं.

“जेवलो, काका,” तो म्हणाला. “सांगा आता.”